शैलजाचे बुधले

वेस्ट विंडसर, न्यू जर्सी
१४ नोव्हेंबर २००४

सुमेधा,

तू फोनवर ओरडतेस आणि मला तरीही ऐकू येत नाही, म्हणून हा कागद. ई-मेलवर मराठी उमटत नाही आणि इंग्रजीत तुझ्याशी भांडण्यात काही मजा नाही. तुम्ही बहिणी एकमेकींना पानंच्या पानं लिहायचात तेव्हा मी फक्त तिकिटं चिकटवायचो. आता लिहायचं कामही माझ्याच गळ्यात आलं.

कामाचं आधी सांगतो. हिमानीचं लग्न जूनमध्ये ठरलं. मुलाकडच्यांसमोर मी ऐटीत सांगून टाकलं की जेवणाबरोबरची वाइन आमच्या घरची असेल. हिमानी म्हणाली, "बाबा, आर यू शुअर?" मी म्हटलं, तुझ्या आईने करून ठेवली आहे, मला फक्त मिसळायची आहे. बोलून गेलो खरा. आता बेसमेंटमध्ये ते पाच-पाच गॅलनचे काचेचे बुधले रांगेने माझ्याकडे बघतायत. तीन जातींच्या द्राक्षांची वाइन: झिनफँडेल, बार्बेरा आणि कोपऱ्यात एकटाच मस्कत. एकेकटे घेतले तर तिघेही बिनकामाचे. झिनफँडेल अंगाने भरलेली पण मठ्ठ, बार्बेरा आंबटढाण, आणि मस्कत म्हणजे नुसता वास. शैलजा या तिघांना एका घरात नांदवायची. कुठल्याचा किती भाग, हे तिने मला कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. द्राक्षं आणणं, चिरडणं, बुधले उचलणं ही हमाली माझी, मिसळणं तिचं. गेल्या फेब्रुवारीत तिथेच खुर्चीत बसल्या बसल्या ती गेली, तेव्हासुद्धा समोर वाट्या मांडलेल्या होत्या.

ती थेंबभरही प्यायची नाही, हे तुला माहीत आहेच. नैवेद्याचा स्वयंपाक न चाखता करायची तशीच वाइन मिसळायची, निव्वळ वासावर. स्टीलच्या चार वाट्या, प्रत्येकीत वेगळं प्रमाण, वर बशी झाकून ठेवायची. दुसऱ्या दिवशी बशी उचलायची आणि पहिला जो वास येईल त्यावर निकाल. मी चाखून बघतो, तर तिसऱ्या घोटाला मला सगळंच छान लागतं. तुझं नाक त्याच घराण्यातलं. कुठून सुरुवात करू ते सुचव.

आता दुसरी गोष्ट, आणि हसू नकोस. गेल्या आठवड्यात थंडी पडली, त्या दुपारी मी खाली वाट्या पुसत होतो. कानातलं मशीन वर टेबलावर ठेवलं होतं, कारण बुधले काही बोलत नाहीत. तर मागून शैलजा म्हणाली, "वर जा तुम्ही." इतकं स्वच्छ मला मशीन लावूनही ऐकू येत नाही. वळून बघितलं तर कोणी नव्हतं. मी वर आलो आणि चहा टाकला.

जिवंतपणी ती मला असंच हाकलायची, बांगडे तळलेल्या हातांनी माझ्या बुधल्यांना शिवू नका म्हणून. मेल्यावरही हक्क सोडवत नाही तिला.

तुझा भावोजी,
गुरुदत्त

*

अ‍ॅशबर्न, व्हर्जिनिया
२३ नोव्हेंबर २००४

भावोजी, नमस्कार.

तुमचं पत्र वाचून आधी हसले आणि मग सिंकपाशी उभी राहून रडले. ताईच्या वाट्या तुम्ही पुसताय हे चित्र काही डोळ्यांसमोरून हलेना.

आधी वाइनचं. सांगलीला ताई आमटी करायची तेव्हा चिंच घालून झाली की गूळ हातात घेऊन उभी राहायची. वाफेचा वास बदलला की तिचा हात थांबायचा. आई म्हणायची, या पोरीचं नाक देवाने उधार दिलंय. मला वाटतं, तुम्ही झिनफँडेलचे सहा भाग आणि बार्बेराचे तीन घ्या, आणि मस्कत अगदी चमचाभर. मस्कत म्हणजे गूळ समजा. चारही वाट्यांत फरक फक्त त्या गुळाचा ठेवा. आणि कृपा करून त्या दिवशी मासे तळू नका.

आता तिसऱ्या घोटाबद्दल. दुपारच्या वेळी तिसरा घोट म्हणजे दिवसाकाठी किती होतात? उभा जन्म मी लोकांना भूल देण्यात घालवला. माणूस कधी तरंगायला लागतो हे मला दुरूनही कळतं.

आवाजाचं मनाला लावून घेऊ नका. जोडीदार गेला की वर्षभर असे भास अनेकांना होतात, माझ्या पेशंटांनी मला सांगितलेलं आहे. ताईलाही मागच्या जानेवारीत काहीबाही व्हायचं, फोनवर बोलली होती. जाऊ दे, भेटीत सांगेन. तुम्ही जरा माणसांत जा. एडिसनच्या देशी बाजारात जाऊन चार लोकांशी भाजीच्या भावावरून हुज्जत घाला. एकटे खाली बसू नका.

सुमेधा

*

वेस्ट विंडसर
१२ डिसेंबर २००४

सुमेधा,

तुझा टोमणा मला झोंबला. मी चाखतो आणि थुंकतो, शेजारी बादली ठेवलेली असते. गोव्याच्या माणसाला पिणं शिकवायला सांगलीची बाई निघाली!

पण तुझं प्रमाण धरून चार वाट्या केल्या. बशा झाकल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी खाली गेलो, तर तीन बशा जागेवर आणि चौथी बाजूला उचलून ठेवलेली. ती पालथी ठेवली होती, शैलजा ठेवायची तशी. मी बशी नेहमी सुलटी ठेवतो आणि त्यावरून आम्ही आयुष्यभर भांडलो आहोत. त्या उघड्या वाटीवर मी नाक नेलं. सुमेधा, तिघांचा वेगळा वास येतच नव्हता. एकच काहीतरी येत होतं, पिकलेलं, थोडं आंबट, आणि मागे जराशी फुलं. हेच ते. मला नाक नाही, पण एवढं मलाही कळलं.

घरात मी एकटा. बशी कोणी उचलली?

ती आता रोज येते. मी खुर्चीत बसलो की थोड्या वेळाने जिन्यावर पाय वाजतो, मग ती मागे उभी राहते. ती एकच वाक्य बोलते. वर जा तुम्ही. कधी हळू, कधी चिडून. परवा मला खुर्चीतच डुलकी लागली होती, तेव्हा कोणीतरी खांदा धरून हलवलं. जोरात, दुखेल इतकं. मी म्हटलं, मिसळून झाल्याशिवाय जात नाही, काय करायचं ते कर. हट्टाला मीही पेटलो आहे.

डोकं तेवढं सारखं दुखतं. काल किल्ल्या फ्रीजमध्ये सापडल्या. वय झालं, दुसरं काय.

खरं सांगू का? मी आता वाइनसाठी खाली जात नाही. इतके महिने या घरात माझ्याशी कोणी बोललं नव्हतं. ती रागावते तर रागावू दे.

गुरुदत्त

*

अ‍ॅशबर्न
३ जानेवारी २००५

भावोजी,

नवं वर्ष सुखाचं जावो, पण मी चांगलं-चुंगलं लिहायला बसलेली नाही. हिमानीचा मला कॅलिफोर्नियाहून फोन आला. म्हणाली, "मावशी, बाबा साउंड्स ड्रंक. सकाळी नऊ वाजता ड्रंक." तुम्ही तिला दोनदा शैलजा म्हणून हाक मारलीत. डोकेदुखी, विसरणं, खुर्चीत झोपणं, आणि वर म्हणे मी थुंकतो. बादली तुम्ही मला दाखवता, पण मी काय डोळ्यांवर कातडं ओढून बसू? बशी तुम्हीच उचलली असणार आणि उचललेली आठवत नसणार.

मी रागावत नाही. मला भीती वाटते. ताई गेली आणि आता तुम्ही त्याच खुर्चीत बसून संपत चाललाय, असं मला सारखं वाटतं.

मागच्या पत्रात सांगायचं टाळलं होतं, ते आता सांगून टाकते. मागच्या जानेवारीत ताई मला फोनवर म्हणाली होती की बेसमेंटमध्ये आई येऊन बसते. आपली आई, जिला जाऊन बारा वर्षं झाली. कोपऱ्यात बसते आणि खोकते म्हणाली. मी म्हटलं, ताई, झोप काढ. पुढच्या महिन्यात ती गेली. त्या जागेत काय आहे मला माहीत नाही, आणि मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. पण तुम्ही तिथे बसू नये असं मला वाटतं. बेसमेंटला कुलूप लावा आणि इकडे या. वाइन मिसळायला मार्चही चालेल.

उत्तर लगेच पाठवा.

सुमेधा

*

वेस्ट विंडसर
२४ जानेवारी

सुमेधा

अक्षर वाकडं येतंय, समजून घे.

सासूबाई आल्या आहेत. मस्कतच्या बुधल्यापाशी बसतात. खोकतात. मी त्यांना नमस्कार केला. तू लिहिल्यामुळे ओळखल्या, नाहीतर मी फार तर तीनदा भेटलो असेन त्यांना.

वरची आरामखुर्ची आणि ब्लँकेट खाली आणलं. जिना सारखा चढवत नाही. खाली ऊब असते. बाहेर बर्फ आहे, घर तापवणारी फर्नेस इथे बाजूलाच दिवसभर घुरघुरते, बरं वाटतं. चेहरा गरम होतो.

एक गंमत लक्षात आली. उन्हाळ्यात ती एकदाही आली नाही. मी तेव्हाही बुधले भरायला, पुसायला खाली जात होतो. एक शब्द नाही. थंडी पडली, फर्नेस सुरू झाली, आणि दुसऱ्याच दिवशी आली. तिला पहिल्यापासून गारठा सोसायचा नाही ना.

आज ती ओरडली. वर जा, वर जा, वर जा. मी म्हटलं, उद्या.

बुधला एक सांडला. बार्बेरा. पुसायचं आहे.

गुरुद

*

अ‍ॅशबर्न
९ फेब्रुवारी २००५

भावोजी, नमस्कार.

हॉस्पिटलमध्ये तुमच्या उशाशी इतके दिवस बसले, पण हे बोलता आलं नाही. तुम्ही डोळे मिटून पडायचात आणि मी सफरचंद कापत राहायचे. आता तुम्ही घरी आहात, मी इकडे आले आहे, तर लिहिते.

तुमचं ते वाकडं पत्र माझ्या हातात पडलं, आणि उन्हाळ्यात आली नाही, फर्नेस सुरू झाली आणि आली, या ओळीवर मी थांबले. डोकेदुखी, गरम चेहरा, विसरणं, झोप. हे दारूचं नव्हतंच. तुमच्या गावच्या पोलिसांचा नंबर शोधला आणि त्यांना ओरडून सांगितलं, दार फोडा, बेसमेंटमध्ये गॅस आहे. त्यांनी तुम्हाला त्या आरामखुर्चीतून उचललं. आणखी थोडा उशीर झाला असता तर काय, ते मी लिहीत नाही.

फर्नेस धडपणे जळायला बाहेरची हवा लागते. ती मागच्या दाराबाहेरच्या तुमच्या लाकडी डेकखालच्या पाइपमधून आत येते. तो पाइप बोळ्याने बंद होता. मग फर्नेस गुदमरते आणि विषारी वायू सोडते. त्याला वास नाही, रंग नाही. माणसाला पेंग येते, आवाज ऐकू येतात, गेलेली माणसं दिसतात. तुम्ही मशीन काढल्यावर ऐकलंत ते यामुळे, कारण तो आवाज कानातून येतच नव्हता. आई दिसली कारण मी तिच्याबद्दल लिहिलं होतं. बशी तुम्ही ताईसारखी पालथी ठेवलीत, कारण ती तुमच्या डोक्यात होती. जन्मभर मीटरवर डोळे लावून मी माणसांना गॅस दिला, आणि माझ्या घरच्या माणसाला तो चढतोय हे मला तिसरं पत्र येईपर्यंत कळलं नाही. याची मला फार लाज वाटते.

फायरवाल्यांपैकी एकजण मला हॉस्पिटलात भेटला. पाइपमधून त्यांनी कापडाचं एक टोक ओढलं तर ते येतच राहिलं. "मॅम, इट जस्ट केप्ट कमिंग," म्हणाला. दोघांनी मिळून बर्फात ओढत ओढत नेलं. ताईची निळी इरकली साडी. ती तिथे कुणी कोंबली हे मी तुम्हाला विचारत नाही.

धोक्याचे अलार्म सगळे बॅटऱ्या काढून ड्रॉवरमध्ये होते, बांगडे तळले की बोंबलतात म्हणून. मी ते परत लावलेत. हात लावलात तर याद राखा. नवी फर्नेस बसली, पाइप मोकळा आहे. आता थंडी सरेपर्यंत इकडे या. खोली तयार आहे.

सुमेधा

*

वेस्ट विंडसर
१७ फेब्रुवारी २००५

सुमेधा,

तू जीव वाचवलास. त्याबद्दल आभार मानायला हवेत, ते नंतर कधीतरी मानीन.

साडी मी नाही कोंबली. वर्षभर शोधत होतो ती. मला वाटलं हिमानीने आठवण म्हणून नेली. तू विचारत नाहीस म्हणालीस, म्हणजे तुला कळलं आहे. मी इंजिनियर आहे, दोन अधिक दोन मलाही करता येतात.

मी २००३च्या सप्टेंबरात रिटायर झालो. हातात वेळच वेळ. डेकवर शेगडी मांडली आणि एडिसनहून बांगडे आणून रोज तळायला लागलो. वास त्या पाइपने सरळ खाली, तिच्या वाट्यांवर. जी बाई निव्वळ वासावर काम करते तिच्या नाकाशी मी रोज मासे धरत होतो. ती दोनदा बोलली. मी म्हटलं, खिडकी उघड. मग एकदा म्हणाली, "तुमच्या बांगड्यांचा मी बंदोबस्त केलाय." मी हसलो. काय बंदोबस्त केला ते विचारलंही नाही. साडी जुनी होती, जाड होती, हाताशी होती. मग थंडी पडली, दार लावून ती खाली बसायला लागली. मग तिला आई दिसायला लागली. मग फेब्रुवारी. डॉक्टर म्हणाले हार्ट. हार्ट नव्हतं, सुमेधा. हे तू तुझ्या पत्रात लिहिलं नाहीस. तुझ्या मनाचा चांगुलपणा मला समजतो, पण मला तो नको आहे.

आता खाली हवा अगदी स्वच्छ आहे. मी रोज जातो. खुर्चीत बसतो, मशीन काढतो आणि वाट बघतो. काही नाही. बुधले आहेत आणि मी आहे. जिन्यावर पाय वाजत नाही. नवी फर्नेस इतकी शहाणी आहे की तिचा आवाजही कळत नाही.

तू म्हणतेस ती माझ्या डोक्यात होती. असेल. पण होती ना? ती कुठे होती याच्याशी मला काय करायचं आहे? मला रागावणारं एक माणूस होतं, ते तू फायरवाल्यांकरवी ओढून बाहेर बर्फात टाकलंस.

पाइप तिथेच आहे. एक टॉवेल पुरतो. हे मी तुला घाबरवायला लिहीत नाही. रोज मनात येतं आणि हल्ली त्याची भीती वाटत नाही, म्हणून कोणालातरी सांगावंसं वाटलं.

गुरुदत्त

*

अ‍ॅशबर्न
२१ फेब्रुवारी २००५
(हे उद्याच्या उद्या तुमच्या हातात पडेल असं पाठवते आहे.)

भावोजी,

फोन उचला. ऐकू आलं नाही तरी उचला, उचललात एवढं तरी मला कळेल.

इकडे बर्फाचं वादळ सांगितलं आहे, शनिवारच्या आत मला गाडी काढता येणार नाही. तुमच्या शेजाऱ्यांना फोन केलाय, ते सकाळ-संध्याकाळ दार वाजवतील. त्यांच्यावर खेकसू नका. हिमानीला मी अजून काही बोललेले नाही. तिच्या लग्नाला चार महिने उरलेत आणि आई नाही. बापही नसेल तर तिच्या बाजूला कोण उभं राहणार, हे तुम्हीच तिला फोन करून सांगा. मी नाही सांगणार.

हो, ताईचं मला कळलं होतं. तुम्हाला कळू नये म्हणून गप्प बसले. मासे तुम्ही तळलेत, साडी तिने कोंबली, आई दिसते म्हणाली तेव्हा झोप काढ असं मी म्हटलं. तिघांपैकी कोणाला काही माहीत नव्हतं. यात तुम्ही एकटेच मरायला का निघालात?

ती तुमच्यावर रागावत होती असं तुम्ही लिहिता. तुमची पत्रं मी काल सगळी पुन्हा वाचली. ती बुधल्यांबद्दल एकदाही बोललेली नाही. बुधल्यांचं तुम्ही ठरवलंत, तिच्या जुन्या सवयीवरून. ती एवढंच म्हणाली, वर जा. खांदा धरून हलवलं. शेवटी ओरडली. भावोजी, ज्या खोलीत ती स्वतः गेली त्या खोलीतून ती तुम्हाला बाहेर काढत होती.

डॉक्टर म्हणून मी आजही सांगते, तो गॅस होता. तुमचाच जीव तुमच्याशी तिच्या आवाजात बोलत होता. पण बहीण म्हणून सांगते, ती असेलच, तर तिचं म्हणणं काय होतं ते तरी ऐका. टॉवेल कोंबून तिला बोलवाल, आणि ती येऊन पुन्हा तेच म्हणेल. मग काय कराल? पुन्हा उद्या म्हणाल?

शनिवारी पोचते. तोवर खाली जाऊ नका.

तुमची,
सुमेधा

*

वेस्ट विंडसर
२३ फेब्रुवारी २००५

सुमेधा,

तुझं पत्र काल सकाळीच आलं. मी ते फोडलं नाही. तुझं अक्षर पाकिटावर इतकं घाईचं होतं की आत काय असेल ते कळत होतं, आणि मला कोणी समजूत घालायला नको होतं.

मी टॉवेल घेतला. डेकचा जिना उतरून मागच्या अंगणात गेलो आणि डेकखाली वाकलो. दुपार होती, ऊन पडलं होतं, वारा असा सुटला होता की डोळ्यांतून पाणी येत होतं. मशीन वर राहिलं होतं. शेजाऱ्यांचा मोठा काळा कुत्रा कुंपणाशी उभा राहून माझ्यावर भुंकत होता. त्याचा जबडा उघडताना दिसत होता, पण मला त्यातलं अवाक्षर ऐकू येत नव्हतं. टॉवेलची घडी करून मी पाइपच्या तोंडाशी धरली.

"वर जा तुम्ही."

माझ्या कानाशी. उघड्यावर, बर्फात, त्या वाऱ्यात. सुमेधा, तिथे गॅस नव्हता. उघड्यावर गॅस साठत नाही, एवढी केमिस्ट्री मी चाळीस वर्षं नोकरीत वापरली आहे. डॉक्टर म्हणून तू याला काय म्हणशील ते मला ठाऊक आहे आणि ते मला लिहून पाठवू नकोस.

ती रागावलेली नव्हती. इतके दिवस मला तो राग वाटत होता. तिच्या आवाजात भीती होती. शैलजाला घाबरलेलं मी संसारात फारसं बघितलं नाही, म्हणून मला ओळखू आलं नसेल. टॉवेल माझ्या हातातून पडला. मी वर आलो. एकेक पायरी, कठड्याला धरून, म्हाताऱ्यासारखा रडत आलो. मग स्वयंपाकघरात बसून तुझं पाकीट फोडलं.

हिमानीला फोन केला. तिचं बोलणं कळलं नाही, पण फोन मी लावला होता की तिने, यात आमचा गोंधळ झाला आणि ती हसली, ते मला जाणवलं. चौथ्या वाटीचं प्रमाण माझ्या लक्षात आहे. मिसळायचं काम तू आल्यावर करू, दार उघडं ठेवून, दोघं मिळून. बुधले उचलायला मी आहे. मग बाटल्या भरून तुझ्या गाडीत घालू आणि मी तुझ्याकडे येईन. बॅग आजच भरली.

एक मात्र सांगायचं राहिलं. वर डेकवर पोचलो तेव्हा मला वाटलं, मी एकटाच वर आलो, हे बरं नाही. कठड्यावरून वाकून मी विचारलं, "आणि तू?"

मी बराच वेळ थांबलो. मग कुंपणाकडे बघितलं. कुत्र्याचं भुंकणं थांबलं होतं. मी त्याच्या डोळ्यांसमोर वर उभा होतो, पण तो माझ्याकडे बघत नव्हता. कान पाडून, शेपूट हलवत, तो डेकखाली मी जिथे वाकलो होतो तिथे बघत होता.

शनिवारी लवकर नीघ.

गुरुदत्त